चोविसावी पेन्सिल

सुतारानं सिगारेट सोडली तेव्हा मुकादमानं सगळ्या कारखान्यासमोर आपल्या पाकिटातली एक त्याच्या खिशात खोचली. “ठेव. आठ दिवसांत नाक घासत काडी मागायला येशील!” सगळे खिदळले. ती सिगारेट सुतारानं हत्यारांच्या पेटीत जपून ठेवली. तलफ आली की तिच्याकडे बघायचा, मुकादमाचं हसू आठवायचा आणि कानामागची पेन्सिल कचाकचा चावायचा. अशा तेवीस पेन्सिली त्यानं फस्त केल्या. आठव्या महिन्यात डॉक्टरांनी मुकादमाची सिगारेट बंद केली. तिसऱ्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, स्वारी हळूच सुताराजवळ सरकली. “ती आहे का रे अजून? दे ना, पाया पडतो.” “आणि काडी नको?” सुतारानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मग सिगारेट काढून त्याच्या नाकाखालून फिरवली आणि सरसाच्या डब्यात बुडवली. कानामागची उष्टी पेन्सिल पुढे करत म्हणाला, “घ्या, चावा.”