हिराओकांचा शिक्का

मित्सुए सरकारी मदतीच्या ऑफिसात चार नंबरच्या खिडकीवर आली, तेव्हा तिचा थोरला भाऊ इसामु तिथे आधीच बसलेला होता. काउंटरवर एक छापील कागद होता. त्यावर तो सहीच्या जागी चालणारा घरच्या आडनावाचा शिक्का उठवत होता, जिभेचं टोक दातांत धरून, अगदी मन लावून.

"बसा, हिराओकाबाई," खिडकीपलीकडून नुमातासाहेब म्हणाले. "तुमचं नशीब चांगलं. भाऊ बोटीचा प्रवास करून स्वतः आलेत. इतरांचे नातेवाईक पत्राला उत्तरसुद्धा देत नाहीत."

मित्सुए बसली नाही. खुर्ची त्याच्या शेजारी होती.

नुमातासाहेब माणूस वाईट नव्हता. कोणी सरकारी मदतीचा अर्ज केला की नातेवाइकांना पत्र धाडायचं, तुम्ही यांना सांभाळाल का म्हणून विचारायचं, हा नियम. आणि नियमाबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. भावाला पत्र नको, असं मित्सुए म्हणाली होती. मग कारण लिहा, असं ते म्हणाले होते. पेन धरून ती कितीतरी वेळ बसली आणि शेवटी तिने लिहिलं, 'थोडं पटत नाही.' घरातला मार सरकारी कागदावर कोण लिहितं? आमच्याकडच्या बायका बरगडी मोडली तरी जिन्यावरून पडले म्हणून सांगतात. एक कान कायमचा गेलेली बाई 'थोडं पटत नाही' लिहिते, आणि साहेब त्यातलं 'थोडं' तेवढं वाचतात. पत्र गेलं. वर ऑफिसचा पत्ता छापलेला होताच, म्हणजे घरून पळालेली बहीण कुठे सापडेल ते भावाला कळलं.

कागदावर दोन चौकोन होते. पहिल्यापुढे 'सांभाळायला तयार', दुसऱ्यापुढे 'असमर्थ'. इसामुने पहिल्यात खूण केली होती.

"मग माझा अर्ज?" तिने विचारलं.

"घरचे न्यायला तयार असले की मदत थांबते. तसा नियम आहे."

"चल," इसामु उठला. "चारची बोट आहे. आई अंथरुणाला खिळलीय. तिचं हगणं-मुतणं काय मी काढू?"

"मी येणार नाही, दादा."

इसामु साहेबांकडे पाहून हसला. "डाव्या कानाने हिला ऐकू येत नाही, साहेब. उजवीकडून सांगावं लागतं." तो तिच्या उजव्या अंगाला गेला, तिचे केस मुठीत धरले आणि तिचं तोंड काउंटरच्या कडेवर आपटलं. एकदा. मग पुन्हा. "आता आलं ऐकू?"

रांगेतले लोक हातातले नंबर धरून तसेच उभे राहिले. मित्सुए ओरडली नाही. तिला सवय होती, आणि मला वाटतं तेच सगळ्यात वाईट होतं. ती फक्त दोन्ही हातांनी काउंटर धरून राहिली. त्याने तिच्या बोटांवर बुक्की मारली. बोटं सुटली नाहीत. त्याने तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर बुटाची लाथ घातली. ती खाली बसली, तरी हात वर काउंटरलाच होते.

"हिराओकासाहेब, हात सोडा. हे ऑफिस आहे," नुमातासाहेब धावत बाहेर आले आणि मध्ये पडले.

"आमच्या घरातला मामला आहे. तुम्हीच पत्र लिहून बोलावलंत ना मला?"

काउंटरवर चिकटपट्टीचा लोखंडी स्टँड होता, चांगला विटेएवढा जड. इसामुने तो उचलून साहेबांच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज रांगेच्या शेवटपर्यंत गेला. साहेब कागदावरच कोसळले. मग कुठे दोन रखवालदारांना जाग आली. त्यांनी इसामुला जमिनीवर दाबून धरला. पोलीस येऊन घेऊन जाईपर्यंत तो एकच ओरडत होता, "शिक्का मारलाय मी. आता ती माझ्या ताब्यात आहे. कागद बघा."

कोणीतरी मित्सुएला ओला टॉवेल दिला. तिचा एक दात त्यात आला. नुमातासाहेबांना दवाखान्यात चला म्हणून सगळे सांगत होते, पण ते नाकाला रुमाल दाबून खिडकीमागच्या आपल्या खुर्चीत जाऊन बसले. समोरचा कागद रक्ताने भिजला होता. पहिला चौकोन मात्र अजून स्पष्ट दिसत होता.

"कागद खराब झालाय," ते म्हणाले. आवाज रुमालातून येत होता. "खराब कागद आम्हाला घेता येत नाही. नियम आहे. नवा भरावा लागेल."

"पण दादा तर..."

साहेबांनी खणातून कोरा कागद काढला, सुलटा करून तिच्यापुढे ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले.

शिक्का खुर्चीखाली घरंगळत गेला होता. मित्सुएने वाकून तो उचलला. स्वस्तातला, लाकडी, नुसत्या आडनावाचा. बापाने मारला तरी हिराओका, भावाने मारला तरी हिराओका. तीही हिराओकाच होती. सुजलेल्या बोटांनी तिने पेन धरलं आणि दुसऱ्या चौकोनात खूण केली. मग शिक्का दाबला. शाई वाळली होती, नुसती एक फिकी कड उमटली.

नुमातासाहेबांनी घड्याळावरची नजर हलवली नाही. फक्त एका हाताने लाल शाईची डबी तिच्याकडे सरकवली.

"नीट दाबून मारा," ते म्हणाले. "पुसट आला तर वरचे लोक परत पाठवतात."