तुझ्या पाळीला

कॉलेजच्या प्रयोगात, माणसं चालत असताना नेटवर्कशिवाय जवळच्या फोनवरून फोनवर निरोप कोणत्या पद्धतीने लवकर पोचतो, हे मैदानावर तपासायचं होतं. एक पद्धत तिची, दुसरी मैत्रिणीची. फोन घेऊन न थांबता चालत राहायला दोघींच्या घरचीच माणसं होती. तिची पद्धत जिंकली. सरांनी पाठ थोपटली. तेवढ्यात बाबा कानाशी लागले. "तुझ्या पाळीला मी मधोमध उभाच राहिलो. म्हटलं, पोरीचा निरोप अडायला नको." तिने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, बाबा. कुणाला सांगू नका." बाबांचं हसू मावळलं. आपण काय करून बसलो, हे उमगून ते थेट सरांकडे गेले. "चूक माझी. मी थांबलो होतो. हिला ठाऊक नाही." ती खाली बघून फोन चाळत राहिली. चाचणी पुन्हा झाली, मैत्रीण जिंकली. सगळे थांबले. बाबा मात्र मान खाली घालून चालतच होते. हाक मारायला तिचं तोंड उघडेना.