कडी

पडद्यावरच्या वेड्या मुलाला घरच्यांनी खोलीत कोंडलं, तशी शेजारी बसलेली आत्या मुसमुसू लागली. "पोटच्या पोराला कोंडतात. कसली गं ही माणसं?" पॉपकॉर्न खाणं मात्र थांबलं नव्हतं.

मला बघायला पाहुणे आले, त्या दिवशी माझ्या भ्रमिष्ट भावाला हिनेच मागच्या खोलीत घालून कडी लावली होती. तो आतून हाका मारत राहिला. ही दाराला तोंड लावून "हळू, पाहुणे ऐकतील," म्हणाली आणि पोह्यांवर खोबरं पेरायला गेली. पुढच्याच महिन्यात त्याने विहीर जवळ केली.

"दादाला तूच कोंडलं होतंस, आत्या," मी मुद्दाम मोठ्याने म्हणाले.

तिचे डोळे लगेच कोरडे झाले. तिने मागच्या रांगेकडे पाहिलं.

"हळू बोल, लोक ऐकतील."