भिंगरीचा बोगदा

“भिंगरी, पट्टा लावलास? मग निघतोय गं आपण. आता आजोळ येईपर्यंत हलायचं नाही,” बाबा माइकमध्ये म्हणाले.

काचेपलीकडे, एमआरआयच्या मशीनच्या पोटात भिंगरी आडवी झाली होती. बाहेर दिसत होते ते फक्त मोज्यातले दोन पाय. सहा वर्षांची पोर. शाळेच्या दाखल्यावर तिचं नाव भलतंच होतं, पण एका जागी बसणं तिला ठाऊकच नसल्यामुळे सगळे भिंगरीच म्हणत. आणि आज तिला डोकं तसूभरही हलवायचं नव्हतं. हललं की फोटो बिघडणार, फोटो बिघडला की भूल द्यावी लागणार. मागच्या वेळी भुलेत तिचा श्वास असा काही अडला, की आई-बाबांनी अतिदक्षता विभागाच्या दाराशी देव पाण्यात घातले होते. भूल देणाऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, “जमलं तर जागेपणी करा हो. परत ही जोखीम नको.”

म्हणून गेले काही आठवडे घरात रोज हा प्रवास चालला होता. भिंगरी जेवणाच्या टेबलाखाली निजायची, मशीनच्या आवाजाची सवय व्हावी म्हणून आई तिच्या कानाशी पातेली बडवायची आणि बाबा गोष्ट सांगायचे. शेजारच्या काकू काळजीने विचारून गेल्या, “घरात सगळं बरं आहे ना?” बाबांचा धंदा लोकांना गाडी शिकवण्याचा. शिकाऊ माणसाशेजारी बसून त्यांच्या तोंडाचा पट्टा अखंड चाले, त्यामुळे बडबडीला तोटा नव्हता. आई मात्र आज आत आली नाही. भिंगरीच्या क्लिपा आणि कानातले मुठीत धरून ती बाहेर बाकावर बसली होती.

मशीनवरच्या ताईचा एकच नियम होता. “खुर्ची अशीच ठेवायची. फोटो उमटतात त्या पडद्याकडे पाठ आणि काचेतून फक्त लेकीकडे बघायचं. पडद्याकडे बघितलं की आई-बापांचा आवाज बिघडतो, आणि पोरं लगेच चुळबुळतात.”

मशीन धडधडायला लागलं. “हा रोड रोलर,” बाबा म्हणाले. “सालाबादप्रमाणे रस्ता खणून ठेवलाय.” मग टर्रर्र आवाज सुरू झाला. “हा मोटरसायकलवाला. सायलेन्सर विकून भजी खाल्ली वाटतं मेल्यानं!” ताई खुदकन हसली. मोज्यातले पाय जागचे हलले नाहीत. ताईने अंगठा वर करून दाखवला आणि बाबांना आणखी जोर चढला.

“आता बोगदा आला, भिंगरी! ताई, आतले दिवे घालवा की जरा. बोगद्यात उजेड कसा असेल?”

ताईने दिवे घालवले. पलीकडची खोली अंधारली आणि मधल्या काचेचा आरसा झाला. बाबांच्या पाठीमागचा पडदा त्यांच्या डोळ्यांसमोर लख्ख उमटला.

भिंगरीच्या डोक्याच्या ऑपरेशननंतर मोठ्या डॉक्टरांनी असाच फोटो दाखवला होता. गाठ काढलेली जागा काळी, रिकामी. “ही अशीच काळी राहायला हवी,” ते म्हणाले होते. “परत भरली, तर आमच्याही हातात काही उरणार नाही.” काचेत ती जागा पांढरी दिसत होती. शेजारी आणखी एक पांढरा ठिपका होता. मागच्या फोटोत तो नव्हता.

बाबांची नजर त्या ठिपक्यावरून हटेना. ताईने त्यांच्या नजरेमागोमाग काचेकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. दिव्याच्या बटणाकडे गेलेला हात तिने मागे घेतला. आता दिवे लावून काय होणार होतं?

जे कळायचं ते कळलं होतं. मग उरलेले फोटो कशाला? पोरीला उचलावं आणि सरळ घरी न्यावं, असं बाबांना फार वाटलं. पण कानात आवाज आला नाही तर ती घाबरेल, मान वळवेल. मग पुन्हा भूल, पुन्हा ते अतिदक्षतेचं दार. त्यांनी माइक जवळ ओढला.

“बोगदा... जरा लांबडा आहे हं, बाळा.” आवाज चिरकला. “धूर झालाय ना आत, म्हणून घसा बसला माझा.”

मग ते बोलत राहिले. घाट चढले, घाट उतरले. रस्त्यात म्हशी आडव्या आल्या, त्यांना हाकललं. डोळ्यांतून धार लागली होती, पण पुसायला हात उचलला तर माइकवर आवाज होईल म्हणून त्यांनी ती तशीच वाहू दिली. विहिरीपाशी वळण घेतलं, फाटक उघडलं, आजीला दारात आणून उभं केलं. “आलं गं आजोळ,” ते म्हणाले, आणि मशीन थांबलं.

“एकही फोटो हललेला नाही,” ताई म्हणाली. एरवी ही गोष्ट ती टाळ्या वाजवून सांगे. आज तिने मान वर केली नाही.

बाबांनी रुमालाने तोंड खसाखसा पुसलं, उसनं हसू आणलं आणि आत गेले. फळी बाहेर सरकली. त्यांनी हेडफोन काढताच भिंगरी उठून बसली आणि तिला खोकल्याची अशी उबळ आली, की चेहरा लालबुंद झाला.

“अगं, कधीपासून दाबून ठेवला होतास एवढा खोकला?” तिच्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी विचारलं.

“बोगद्यापासून,” भिंगरी म्हणाली. “मी हलले असते, तर तुला परत पहिल्यापासून रडायला लागलं असतं ना.”