दोरीवरचा गाऊन

"अहो, ती उन्हाची बाजू. इकडं या," म्हणत त्या बाईनं मोहिनीताईंना उजवीकडच्या सीटवर ओढलं. "मी नवसाबाई. सोलापूरची. तुम्ही?"

"नागपूरची," मोहिनीताई म्हणाल्या.

राहायच्या त्या इथंच, नाशकात, द्वारकेला. लग्न झालेली मुलगी सणावारी एसटीडीवरून बोलायची, तेही मीटरकडे बघत. बाकी घरात टीव्ही, आणि तो आपलंच म्हणणं पुढे रेटणारा. नाशिक दर्शनच्या बसमध्ये मात्र कोणी ना कोणी विचारायचं; कुठल्या, जेवलात का, पाय दुखतात का. म्हणून अधूनमधून रविवारी त्या आपल्याच गावात पाहुण्या व्हायच्या. गाईड डोकी मोजायचा, चेहरे बघायचा नाही. ते एक बरं होतं.

बस द्वारकेच्या सिग्नलला थांबली. समोर दुसऱ्या मजल्यावर त्यांचा निळा गाऊन वाऱ्यानं पार आडवा झाला होता. मोहिनीताई अर्ध्या उठल्याच.

"काय झालं?"

"काही नाही. माणसं चिमटे लावत नाहीत बघा."

"लोकांना कसली काळजी!" नवसाबाई म्हणाल्या.

सीता गुंफेत गाईडनं 'वाका' म्हणायच्या आधीच नवसाबाई वाकल्या, आणि मोहिनीताईंच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनाही वाकवलं. त्र्यंबकला माकडं दिसायच्या आत डबा पदराखाली गेला. मग त्यातलीच अर्धी भाकरी नि ठेचा मोहिनीताईंच्या हातावर आला.

"लय थोडं खाता बाई. नागपुरात असंच खातात का?"

मोहिनीताई हसल्या. आपल्या जेवणावर कोणी डोळा ठेवून फार दिवस झाले होते.

परतताना वाटलं, हिला घरी न्यावं, गरम पिठलं टाकावं. पण नागपूरच्या बाईचं घर द्वारकेला कुठून आणायचं? खरं सांगावं, तर ही म्हणेल, बाई येडी दिसते. त्यांनी नुसतं विचारलं,

"उद्या निघणार?"

"हो ना. सकाळचीच गाडी हाय."

"मग आता कुठली भेट," मोहिनीताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

स्टँड आला. नवसाबाई पिशवी सावरत उतरल्या, थोड्या पुढे गेल्या आणि परत खिडकीखाली येऊन उभ्या राहिल्या.

"पुढल्या रविवारी तुमची जागा धरून ठेवते. आणि बाई, त्या गाऊनला चिमटे लावून या. दर खेपेला असाच उडत असतो."