दुसरा माणूस

"स्ट्रेचरची मोटर अजून बंदच आहे ना?" फैयाजसाहेबांनी विचारलं.

"बंदच हाय, साहेब," बिभीषण म्हणाला आणि वाकून त्याने रिकाम्या स्ट्रेचरची पायाकडची बाजू धरली. डोक्याकडची कल्याणने धरली. कल्याण ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर, पण गेले आठ महिने तो अर्धा हमालही झाला होता.

मोटर बंद नव्हती. पहिल्या दिवसापासून ठणठणीत होती. लाल बटण दाबून धरलं की स्ट्रेचर चालू व्हायचं, बाणाचं बटण दाबलं की पेशंटसकट वर यायचं. अंधारात कामाला यावेत म्हणून कडेला दिवेही होते. स्ट्रेचर आलं त्या दिवशी ॲम्ब्युलन्सच्या ठेकेदाराच्या ऑफिसात तिथले सुपरवायझर फैयाजसाहेब सहज बोलून गेले, "आता गाडीवर एकच माणूस पुरे." त्याच संध्याकाळी या दोघांनी मोटर बिघडवली, म्हणजे नुसती तोंडाने.

दुसरा माणूस म्हणजे बिभीषण. पाथर्डीकडचा. नोकरी गेली तर दिवाळीनंतर बायकोला घेऊन पुन्हा ऊसतोडीला जायचं, हे ठरलेलं. त्यापेक्षा पाठ मोडलेली बरी, असं त्याचं साधं गणित होतं. ती मोडतही आली होती. कल्याणच्या कमरेला पट्टा लागला, पण तो कधी चकार शब्द बोलला नाही. गंमत म्हणजे बिभीषण त्या स्ट्रेचरची बॅटरी रोज न चुकता चार्ज करायचा. चांगली वस्तू मारून टाकायला त्याचं मन धजत नव्हतं.

आज तपासणीसाठी साहेब स्वतः गाडीत बसून आले होते. राहुरीजवळच्या वस्तीवर रतनबाई कांदे साठवायच्या चाळीत घसरून पडल्या होत्या. वय सत्तर, अंगाने दणकट. खुबा मोडला असावा. चाळीच्या मधल्या बोळात भर दुपारी अंधार होता. सून आधार कार्ड शोधायला घरात पळाली होती.

दोघांनी रतनबाईंना चादरीसकट स्ट्रेचरवर घेतलं आणि स्ट्रेचर उचललं. वीतभर वर गेलं नाही तोच कल्याणच्या कमरेत उसण भरली. स्ट्रेचर एका बाजूला कललं. रतनबाई कळवळल्या.

"टेकव, टेकव," कल्याण म्हणाला. "न्हाई जमत आता मला."

बिभीषणने टेकवलं. तो फार थकला होता. उचलून थकला होताच, पण खोटं सांभाळून जास्त थकला होता. साहेब मागेच उभे आहेत हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याने लाल बटण दाबून धरलं. मग दिव्यांचं. पांढऱ्या उजेडात सडलेले कांदे दिसले आणि रतनबाईंचा घामेजलेला चेहरा दिसला. आठ महिने त्याने पेशंटचे नुसते पायच पाहिले होते.

मग त्याने बाणाचं बटण दाबलं. एकही हिसका न देता स्ट्रेचर कमरेइतकं वर आलं. बिभीषणचे दोन्ही हात रिकामे राहिले. त्यातला एक रतनबाईंनी घट्ट पकडला.

"हितंच ऱ्हा, बाबा. लई भ्या वाटतंय."

"हाय मी, मावशी."

कल्याणने एका हाताने कंबर दाबत, दुसऱ्या हाताने ढकलत स्ट्रेचर गाडीपर्यंत नेलं. खरंच, एकच माणूस पुरला. बिभीषण नुसता बाजूने चालत राहिला.

साहेब रागावले नाहीत. रागवायचं त्राण त्यांच्यातही उरलेलं दिसत नव्हतं. गाडीच्या दारापाशी त्यांनी तपासणीचा कागद काढला, 'मोटर चालू' असं लिहिलं आणि कागद पुढे केला.

"माझा नाइलाज आहे, बिभीषण. इथे सही कर."

"करतो, साहेब."

तो पेन घ्यायला वळला. पण सहीचा हात रतनबाईंच्या मुठीत होता, आणि त्या तो सोडायला तयार नव्हत्या.