ढग काढल्यावर

पडद्यावरचा पक्षी पंख खाली आणताना एकदा किंचित अडत होता. इतका किंचित, की दाखवल्याशिवाय कुणाला दिसू नये. बाबांना मात्र दिसला होता. "सरकारी नोकरीतला दिसतो," ते म्हणाले होते, "मध्येच चहाला जातो."

तेव्हा दोघंही हसले होते. आज सकाळी मुलगी कारण शोधायला बसली.

खेळ साधाच होता. पक्षी फांदीवर उतरला की बटण दाबायचं. पक्षाघातानंतर बाबांचा उजवा हात पुन्हा चालावा म्हणून तिने तो लिहिला होता. पक्षी उतरल्यापासून बटण दाबेपर्यंत किती फ्रेम गेल्या, ते खेळ मोजायचा आणि त्यावरून हाताला लागलेला वेळ सांगायचा. फ्रेम म्हणजे पडद्यावर उमटणारं एकेक चित्र. सेकंदाला साठ हवीत, असं तिने गेम बनवण्याच्या तयार कोडला, म्हणजे लायब्ररीला, सांगून ठेवलं होतं.

महिन्यागणिक वेळ कमी होत आला होता. त्याच भरवशावर, क्रेन चालवायला परत येतो असं सांगत, बाबांनी बंदरावरच्या मुकादमाला थोपवून धरलं होतं. क्रेनच्या केबिनची किल्ली अजून त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. मुकादम आज दुपारी शेवटचं विचारणार होता.

तिने प्रत्येक फ्रेमला लागणारा खरा वेळ संगणकाच्या घड्याळावरून काढला. सोळा-सतरा मिलिसेकंद यायला हवे होते. अठ्ठावीस आले. तिने पुन्हा चालवून पाहिलं. अठ्ठावीसच.

लायब्ररीची चूक नव्हती. साठाच्या वर जाऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. जुना संगणक चित्र काढताना मागे पडला, तर ती काही बोलत नसे. आणि चित्रं मुलीनेच वाढवली होती. बाबा कंटाळतात म्हणून आधी ढग, मग हलणारी पानं, मग नदी. दर वेळी फ्रेम थोडी लांबली. हाताला लागायचा तेवढाच वेळ लागत राहिला; त्यात मावणाऱ्या फ्रेम तेवढ्या कमी झाल्या, आणि खेळ वेळ घटल्याचं दाखवत राहिला.

तिने चष्मा पुसला. फ्रेम मोजणारी ओळ खोडून तिथे घड्याळ लावलं. मग नदी, पानं आणि ढग काढून टाकले. पक्षी अडायचा थांबला.

खेळाची जुनी प्रत संगणकात शेजारीच होती. तीच उघडून दिली असती तरी बाबांना कळलं नसतं. आतून काहीतरी वर येईल, म्हणून ती थोडा वेळ थांबली. काही आलं नाही. तिने त्यांना हाक मारली.

बाबा येऊन बसले. ढग कुठे गेले, विचारलं. आधी खेळा, ती म्हणाली.

ते खेळले. अगदी सुरुवातीला यायचा तसा आकडा आला. ते पुन्हा खेळले. आकडा फारसा हलला नाही. मग तिने सगळं सांगितलं, प्रयोगशाळेतलं निरीक्षण वाचून दाखवावं तशा आवाजात.

"म्हणजे हात होता तिथेच आहे?"

"तिथेच आहे, बाबा."

"नदी छान होती," ते म्हणाले.

पक्षी पुन्हा फांदीवर उतरला. त्यांनी बटण दाबलं नाही. पूर्वी ते कामावरचं सांगायचे, तेव्हा एक गोष्ट हमखास सांगायचे: क्रेनखाली उभा असलेला माणूस थांबायचा हात करतो आणि मग वर बघतसुद्धा नाही. वरच्याने थांबवलं असणार, असं धरूनच चालतो.

फोन वाजला. त्यांनी तो डाव्या हाताने कानाला लावला. मुकादमाने नेहमीसारखी थट्टा केली असावी. बाबा जरासे हसले. मग पलीकडून प्रश्न आला असणार. त्यांचा उजवा हात शर्टाच्या खिशाकडे निघाला. तो किल्लीपाशी पोचेपर्यंत ती बघत राहिली.

"नाही," बाबा म्हणाले. "किल्ली मुलीबरोबर पाठवतो. माझ्या जागी दुसरा माणूस बसवा."